भारतीय अजगराची निश्चलता : एक जीवशास्त्रीय विवेचन

‘अजगरासारखा सुस्त’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र ‘बोकड गिळणारा’ असा होतो; आणि महाभारताच्या वनपर्वात शापामुळे अजगर झालेला नहुष प्रत्यक्ष भीमाला जखडून ठेवतो. शब्दाने व कथेने या प्राण्याचे बळ ओळखले; लोकभाषेने केवळ त्याचे पडून राहणे पाहिले. प्रस्तुत लेखात या पडून राहण्यामागील शरीरक्रियांचा विचार केला आहे.

भारतीय अजगराचे (पायथन मोल्युरस) शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ मध्ये केले. हा बिनविषारी सर्प साधारणतः तीन मीटर वाढतो. याहून मोठे नमुनेही आढळतात. ओठांवरील खाचांमुळे त्याला भक्ष्याच्या शरीराची उष्णता जाणवते. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हे अजगर साळिंदरांच्या बिळांत आश्रय घेतात आणि हिवाळ्यात बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेले दिसतात.

अजगर भक्ष्याला गुदमरवून मारतो, असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले गेले. २०१५ मध्ये बोआ या दुसऱ्या आवळणाऱ्या सर्पावर झालेल्या प्रयोगांत वेगळे चित्र दिसले. विळखा पडताच काही सेकंदांत उंदराच्या धमन्यांतील रक्तदाब कोसळतो, रक्ताभिसरण थांबते आणि हृदयाची लय बिघडते. श्वास कोंडून मरण्याइतका अवधी भक्ष्याला मिळतच नाही.

भक्ष्य गिळल्यानंतरची ‘सुस्ती’ तर केवळ वरवरची आहे. भारतीय अजगराचा निकटचा आप्त असलेल्या ब्रह्मी अजगरात मोठ्या भक्ष्यानंतर चयापचयाचा वेग विश्रांतीच्या चाळीसपटींहून अधिक वाढल्याची नोंद आहे. एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचे वजन सुमारे दुप्पट होते व पचन संपताच ते पुन्हा घटते. उपवासाच्या काळात पचनसंस्था जणू मिटून ठेवायची, हा काटकसरीचा मार्ग होय. म्हणूनच दोन आहारांत दीर्घ अंतर पडले तरी त्याचे निभावते.

या निश्चलतेचा सर्वांत विलक्षण प्रकार अंडी उबविणाऱ्या मादीत दिसतो. लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळविले की, बंगालमधील चंद्रनगर येथे सर्पमादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते. शीतरक्ती प्राणी ऊब कशी देणार, या शंकेने विद्वानांनी ते ग्राह्य धरले नाही. १८४१ मध्ये व्हॅलेन्सिएन यांनी पॅरिसमधील प्राणिसंग्रहात उबविणाऱ्या मादीचे तापमान मोजले, तेव्हा वेटोळ्यातील तापमान सभोवतालच्या हवेपेक्षा खरोखरच अधिक भरले. कारण स्पष्ट होण्यास १९६६ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कमध्ये अभ्यासलेल्या मादीत, हवेचे तापमान ३३ अंश सेल्सियसखाली जाताच स्नायूंचे लयबद्ध आकुंचन सुरू होत असे आणि त्याबरोबर प्राणवायूचा वापर व शरीराचे तापमान वाढे. थंडीत आपण कुडकुडतो, त्याच जातीची ही क्रिया. (ही मादी ब्रह्मी अजगराची होती, त्या काळी ती भारतीय अजगराची उपजाती समजली जाई. २००९ पासून दोन्ही स्वतंत्र जाती मानल्या जातात.)

दोन महिन्यांच्या आसपास चालणाऱ्या या काळात मादी बहुधा काहीच खात नाही; कुडकुडण्यास लागणारी ऊर्जा तिच्या साठवलेल्या चरबीतून येते. वेटोळे सैल-घट्ट करून ती अंड्यांतील ओलावाही राखते. अशी मादी बिळातून ‘सुटका’ म्हणून हलविली, तर मागे राहिलेल्या अंड्यांची ऊब आणि ओल दोन्ही जातात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या जातीचा समावेश आहे आणि विनापरवाना तिला पकडणे हा गुन्हा आहे. वनविभागाला कळविताना मादी वेटोळे घालून आहे की नाही, हे आवर्जून सांगावे. मादी निर्वेधपणे बसू शकली, तर अंडी फुटून निघणारी पिले मातेच्या मदतीवाचून भक्ष्य शोधू लागतात.