जबड्याचे माप

घाटकोपरात, मग ते पूर्वेचे पंतनगर असो वा पश्चिमेची भटवाडी, दोन खोल्यांच्या संसारातही माशांच्या टाकीपुरता कोपरा निघतोच; कारण कुत्रा पाळावा तर सोसायटीचा आक्षेप, मांजर पाळावे तर सासूबाईंचा, आणि मासे तेवढे असे की त्यांच्या वास्तव्यास कोणाचीच हरकत नसते. मुंबईकरांच्या या हौसेला प्रतिष्ठा दिली ती चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाने, ज्याचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. परंतु कोणी कोणाच्या शेजारी राहावे याचा जो बंदोबस्त मत्स्यालयात असतो, त्याची तजवीज घरच्या टाकीत क्वचितच केली जाते.

दुकानात ऑस्करचे पिल्लू जेमतेम दोन इंचांचे असते. काळसर अंगावर नारिंगी नक्षी मिरवणारा हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला पाहुणा गप्पी आणि मॉली यांच्या मेळ्यात अगदी निरुपद्रवी दिसतो, आणि विक्रेताही ‘सगळे एकत्र राहतात’ अशी तोंडी सनद देऊन मोकळा होतो. हेच पिल्लू खाण्यापिण्याची चंगळ झाली की वर्षभरात दहा-बारा इंचांपर्यंत जाते. ‘शार्क’ या भारदस्त नावाने विकला जाणारा रुपेरी मासा तर शार्कच्या कुळातला नव्हेच. तो आग्नेय आशियातील मेकाँग नदीचा पंगासिअस, आणि त्याची पूर्ण वाढ चार फुटांच्या घरात जाते, हे बोटभर पिल्लू पिशवीत घालून नेणाऱ्यास कोणी सांगत नाही.

शिकारी मासा म्हणजे लचके तोडणारा, अशी जी समजूत चित्रपटांनी रूढ केली आहे ती येथे लागू पडत नाही. ऑस्कर चावत नाही, ओढून घेतो. तो आळसावल्यासारखा जवळ येतो, कल्ल्यांची झाकणे मिटलेली ठेवून जबडा एकाएकी पुढे ताणतो, तोंडाची पोकळी विस्तारताच आतला दाब उतरतो, आणि आत घुसणाऱ्या पाण्याच्या लोंढ्याबरोबर समोरचा गप्पी नाहीसा होतो. मागाहून कल्ल्यांवाटे पाणी तेवढे बाहेर पडते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सारे उरकलेले असते. यात क्रौर्य नाही की भांडण नाही. जे तोंडात मावते ते अन्न, एवढा एकच दस्तुर त्याला ठाऊक असतो. म्हणूनच ताटलीसारखा उभट, रुंद अंगाचा सिल्व्हर डॉलर त्याच्यासोबत बहुधा सुखरूप राहतो, तर तळाशी चरणारा इवलासा कोरिडोरस गिळला गेलाच तर त्याचे ताठ काटे घशात अडकून भक्ष्य आणि भक्षक दोघेही मरतात. सोज्ज्वळ म्हणून प्रसिद्ध असलेला एंजलही याला अपवाद नाही. निऑन टेट्राचा निळा पट्टा रात्री फिकट पडतो, तो पाणवनस्पतींच्या आडोशाला निपचित तरंगतो, आणि पूर्ण वाढलेला एंजल तेवढ्यात एखादा उचलतो. सकाळी गणती चुकते तेव्हा आळ मात्र फिल्टरवर येतो.

दुसरा प्रश्न जागेचा. दोन फूट लांब आणि एकेक फूट रुंद व उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, ते गप्पींना पुष्कळ झाले. एका ऑस्करला चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकी हवी, म्हणजे अडीचशे लिटर, म्हणजेच काच व फळी सोडून पाव टन वजन. मांसाहारी माशाच्या विष्ठेतून अमोनियाही तितकाच अधिक उत्पन्न होतो. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि महापालिकेच्या नळाचे क्लोरिनयुक्त पाणी थेट ओतले की ती वस्ती उद्ध्वस्त होते. ते पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे.

भूक भागवण्यासाठी टाकीत जिवंत गोल्डफिश सोडण्याची वहिवाट मला मुळीच मान्य नाही. त्यांच्या शरीरातील थायमिनेज हे विकर खाणाऱ्याच्या देहातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि त्यांच्याबरोबर रोगही टाकीत शिरतात. गोळीखाद्य व कोळंबीचे तुकडे यांवर ऑस्कर उत्तम वाढतो. फेंगशुईच्या भरवशावर आणलेल्या अरोवानाविषयी तर एवढेच सांगतो, की तो टाकीबाहेर उडी घेतो आणि त्याने घरात आणलेली लक्ष्मी माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा शिकारी मासा ठेवायचा तर त्याला एकट्याचा, किंवा त्याच्या तोंडात न मावणाऱ्या सोबत्यांचा, स्वतंत्र वाडा द्यावा. ते जमत नसेल तर ठेवू नये. आणि वाढलेला मासा डोईजड झाला म्हणून रविवारच्या फेरफटक्यात जवळच्या पवई तलावात सोडून येऊ नये. शौकिनांच्या टाक्यांतून सुटलेल्या परदेशी सकर माशाने देशातल्या अनेक जलाशयांत बस्तान बसवले असून कोळ्यांची जाळी फाडण्याचा उद्योग चालवला आहे. मासा विकत घेतानाच ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का?’ असे दुकानदारास विचारून घ्यावे, आणि नकार आला तर गप्पीच घेऊन घरी यावे.