केळशीची टेकडी

मोहोपाड्यात वाळू ब्रासवर मोजतात. बांधकामासमोर ढीग ओततात, रात्री त्यावर कुत्री झोपतात आणि सकाळी मिस्त्री चाळण लावून ती सिमेंटात कालवतो. आमच्याकडे पाताळगंगा आहे आणि कारखान्यांचे भोंगे आहेत. आमची उमेदीची वर्षंही एका प्रयोगशाळेत परीक्षानळ्या हलवण्यात गेली. त्यामुळे वाळूचा डोंगर बघायला कोकणात जायचं म्हटल्यावर घरच्यांनी विचारलं, “नाक्यावर पडलाय तो कमी आहे का?”

तरी निघालो. पहाटे खारपाड्याला हमरस्ता धरला, वडखळ, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आलो आणि गाडीसकट जंगलजेटीत चढलो. सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. समोर बाणकोटचा किल्ला, पलीकडे वेसवी. तिथून जवळच वेळास, नाना फडणीसांचं गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने तिथे कासवांची अंडी राखली आणि वेळासचं नाव सगळीकडे झालं. आम्हाला मात्र दापोली तालुक्यातल्या केळशीला जायचं होतं, त्यामुळे कासवांना लांबूनच रामराम केला.

केळशी म्हणजे जांभ्याचे गडगे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांत पाटाने खेळणारं पाणी. घुमटांचं महालक्ष्मीचं देऊळ आहे, चैत्रात तिचा उत्सव असतो आणि रथ निघतो. याकूबबाबांचा दर्गाही आहे. शिवाजी महाराज ज्या साधुसंतांना मानत त्यांच्यात सभासदाच्या बखरीने केळशीच्या याच बाबांचं, बाबा याकूत म्हणून, नाव घेतलं आहे. गाव जुनं आणि शांत आहे, स्वतःची फारशी जाहिरात करत नाही.

पुळणीवरून भारजा नदीच्या मुखाकडे चालत गेलं की टेकडी लागते. उंची सुमारे 18 मीटर, म्हणजे आमच्याकडची पाच-सहा मजली इमारत. चढायला लागलो तेव्हा दोन पावलं वर आणि एक खाली अशी गत झाली. कोरडी वाळू साधारण 34 अंशांपेक्षा जास्त उतार सहन करत नाही, त्याहून तिरकी झाली की घसरते. पुस्तकात वाचलेला हा आकडा पोटऱ्यांना तिथे कळला.

वर बसून मूठभर वाळू रुमालावर घेतली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक खिशात होतं, ते फिरवलं तर त्याला काळ्या कणांची मिशी फुटली. हा सह्याद्रीच्या काळ्या कातळातून नदीने आणलेला मॅग्नेटाइट. उरलेल्या वाळूवर लिंबू पिळलं आणि कान लावला. बारीक चर्र झालं, बुडबुडे आले. ते शिंपल्यांचे तुकडे, म्हणजे चुना. एका चिमटीत डोंगर आणि समुद्र दोन्ही सापडले. प्रयोगशाळेची खोड, जात नाही.

आता खरा प्रश्न, ही टेकडी वाऱ्याने रचली का? कोकणात वारा नाही असं कोण म्हणेल? पण इथला दांडगा वारा येतो तो पावसाबरोबर. तेव्हा वाळू भिजलेली असते आणि भिजलेली वाळू उडत नाही. कोरडी असते तेव्हा वारा बेताचा. म्हणून आपल्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे बहुधा ठेंगणेच राहतात. ब्राझीलच्या सिआरा राज्यात जेरिकोआकोआरा नावाचं मूळचं कोळ्यांचं एक गाव आहे, त्याची गोष्ट उलटी. तिथे वर्षाचा उत्तरार्ध कोरडा आणि जोरकस वाऱ्याचा, त्यामुळे वाळूचे डोंगर चक्क चालतात. गावातले रस्ते अजून वाळूचेच आहेत. ज्या टेकडीवर बसून लोक सूर्यास्त बघत, ती सरकत सरकत समुद्रात गेली आणि बरीचशी ओसरली.

मग केळशीत एवढी वाळू रचली कोणी? सागरी महामार्गाच्या पुलासाठी या टेकडीची एक बाजू कापली गेली, तेव्हा आतले थर उघडे पडले. त्यात खापरं आणि नाणी मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी त्यांचा अभ्यास केला आणि हे काम वाऱ्याचं नसून त्सुनामीचं आहे असं मांडलं. त्यांनी बोट ठेवलं 1524 वर. त्या वर्षी सप्टेंबरात वास्को द गामाचा तांडा दाभोळजवळ असताना वारा नसताना समुद्र खवळला आणि गलबतं हादरली, अशी पोर्तुगीज बखरकारांची नोंद आहे. केळशी तिथून काही फार लांब नाही. एका लाटेने एवढा ढीग टाकला हे सगळ्याच तज्ज्ञांना पटलेलं नाही. मला विचाराल तर ढिगाचा पाया लाटेने घातला असेल आणि वरचं लिंपण वारा अजून करतो आहे. पण हे माझं मत, त्याला लिंबाच्या प्रयोगापलीकडे आधार नाही.

टेकडी टिकते मात्र मर्यादवेलीमुळे. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या जोडपानांची ही वेल वाळूवर पसरते आणि पेरापेराला मुळं सोडते. उडत आलेला कण तिच्या पानाला अडतो आणि खाली बसतो. वाळूने झाकली तर ती पुन्हा वर येते. ज्याने तिचं नाव ठेवलं त्याला समुद्राने कुठे थांबावं हे नक्की माहीत होतं.

पावसाळ्यात लाटा अशा टेकडीचा पायथा खातात. खाल्लेली वाळू किनाऱ्यापासून थोडी आत बांधासारखी साठते आणि मागून येणारी मोठी लाट तिथेच फुटते. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू हप्त्याहप्त्याने परत आणून टाकतात. टेकडी म्हणजे समुद्राशी चालवलेलं खातं, काढायचं आणि भरायचं. शिवाय वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि खारं पाणी आत येऊ देत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी गोड राहतात त्या याच जोरावर. काँक्रीटची धूपप्रतिबंधक भिंत यातलं एकही काम करत नाही, वर तिचं बिल येतं. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलं, तोवर या टेकडीची एक बाजू कापून झाली होती.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवलो. फणसाची भाजी, भात, सोलकढी. काकूंना 3 जून 2020 चं निसर्ग वादळ तारखेनिशी पाठ. “सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या,” ताक वाढता वाढता त्या म्हणाल्या. “नवीन लावल्यात. माझ्या हयातीत धरल्या तर धरल्या.” पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. टेकडीने वादळ अडवलं का, असं विचारलं तर हसल्या. “वारा कुठली टेकडी अडवते? पाणी नाही आलं आत, एवढं खरं.”

निघताना मी पिशवीत मूठभर वाळू भरून घेतली होती, मोहोपाड्याला दाखवायला. काकूंनी ती पाहिली.

“ती इथंच ओता हो,” त्या म्हणाल्या. “आणि चपला पण झटका.”

अंगणाच्या कडेला जाऊन पिशवी उलटी केली आणि चपला गडग्यावर आपटल्या. वेसवीची जेटी गाठायची होती.