बार्शीच्या गावांनी जगाला दिलेले उत्तर

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात कापसाची वेचणी सुरू झाली की बाईला स्वतःच्या दुखण्याकडे बघायला सवड नसते. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळी कायमची थांबल्यावरही मधूनच रक्त दिसते. ‘वेचणी आटोपली की बघू’ म्हणून दुखणे पुढे ढकलले जाते. यवतमाळला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. तिथून पुढे नागपूर किंवा सेवाग्राम सांगितले, तर सोबतीला घरातले कोणीतरी लागते आणि त्याचीही मजुरी बुडते. शिवाय दुखणे अशा जागेचे, की ते नवऱ्यालाही चटकन सांगितले जात नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अशा दिरंगाईतच वाढतो. खरे तर हा कर्करोग घाईने येणारा नाही. विषाणूच्या संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. एवढ्या वर्षांत एकदा जरी नीट तपासणी झाली, तरी पुढचे संकट टळू शकते. प्रश्न एवढाच, की शहरापासून दूर, दवाखान्याची सवय नसलेल्या, हातावर पोट असलेल्या बाईच्या बाबतीत हे जमेल का? आणि कोणती तपासणी केली तर तिचा जीव खरोखर वाचेल?

या प्रश्नाचे जगभर मानले गेलेले उत्तर महाराष्ट्रातल्याच कोरडवाहू गावांतून मिळाले. ते शोधायला तालुक्याच्या गावातले एक रुग्णालय, मुंबईची एक मोठी संस्था, फ्रान्समधले एक संशोधन केंद्र आणि लाखाहून अधिक खेड्यातल्या बायका एकत्र आल्या होत्या.

नोंदवही घेऊन गावात

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरच्या मदतीने तिथे ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात घेतली होती.

मुंबईसारख्या शहरात अशी नोंदणी आधीपासून होती. पण तिथली पद्धत गावात चालणारी नव्हती. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि रुग्णालयाच्या कागदांवरून नोंद होते. खेड्यात कित्येक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. दुखणे काय होते हे कळायच्या आत माणूस जाई आणि कागदावर काहीच उरत नसे. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते ठरावीक दिवसांनी गावोगाव जात, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी रुग्णालयात आणत.

या नोंदींतून दोन गोष्टी पुढे आल्या. इथल्या बायकांमध्ये सर्वाधिक प्रमाण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे होते, ही पहिली. दुसरी आशेची होती. केवळ माहिती पोहोचल्याने बायका पूर्वीपेक्षा लवकर तपासणीला येऊ लागल्या आणि लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष नव्वदच्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडले. पुढच्या मोठ्या अभ्यासाचा पाया इथे घातला गेला, कारण कोणत्या गावात किती रुग्ण आहेत हेच ठाऊक नसेल, तर एखाद्या उपायाने ते कमी झाले की नाही हे सांगता येत नाही.

५२ गट, चार वाटा

१९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. डॉ. आर. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक होते.

३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता, ते चार भागांत वाटले. प्रत्येक भागात १३ गट आले. पहिल्या भागातल्या स्त्रियांसाठी एचपीव्ही चाचणी होती. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू हे या कर्करोगाचे मूळ कारण, आणि ही चाचणी तो विषाणूच शोधते. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. दुसऱ्या भागात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणे. तिसऱ्या भागात व्हिनेगरची तपासणी होती. त्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात आणि बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा आणि आजाराविषयी माहिती, वेगळी तपासणी नाही.

हे काम मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका-प्रसाविकांनी केले. बोलावलेल्या दर दहा स्त्रियांपैकी जवळजवळ आठजणी तपासणीला आल्या. ‘खेड्यातली बाई अशा तपासणीला तयार होणार नाही’ हा समज तिथेच खोटा ठरला.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष छापले. तपासणी नसलेल्या भागातल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात स्त्रिया अधिक, म्हणजे ३४,१२६ होत्या. मृत्यू मात्र ३४. त्यासाठी प्रत्येकीची चाचणी आयुष्यात एकदाच झाली होती.

कर्करोग सापडलेल्यांची संख्या मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी होती. एकीकडे ११८, दुसरीकडे १२७. मग फरक कशाने पडला? तपासणी नसलेल्या भागात ८२ जणींचा आजार दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यावर गेलेला होता. एचपीव्ही चाचणीच्या भागात अशा ३९ होत्या. आजार लवकर सापडला आणि जीव वाचले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या भागांत मृत्यू काहीसे कमी होते, पण हा फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता.

याचा अर्थ व्हिनेगरची तपासणी निरुपयोगी, असा नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली गेली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही तपासणी बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. त्यामुळे ती नीट शिकलेल्या हातांनी आणि पुन्हा पुन्हा व्हावी लागते. एचपीव्ही चाचणीत नजरेचा प्रश्न येत नाही.

त्या ६४ जणी

या अभ्यासांवर टीकाही झाली, आणि ती नजरेआड करता येत नाही. पाश्चात्त्य देशांत तपासणीने जीव वाचतात हे माहीत असताना, हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून तुलना करणे न्याय्य होते का, असा सवाल काही डॉक्टरांनी केला. संशोधकांचे म्हणणे असे, की तेव्हा गावात तपासणीची कोणतीही सोय नव्हती आणि तुलनेशिवाय कोणती चाचणी गावात उपयोगाची हे कळले नसते. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यावरही एक गोष्ट उरते. त्या चौथ्या भागातल्या ६४ मृत्यूंमुळे बाकीच्या जगाला उत्तर मिळाले. ते उत्तर वापरलेच नाही, तर त्यांचे ऋण फिटत नाही.

अडथळ्यातून मिळालेला धडा

बार्शीचे नाव पुढे आणखी एका सामूहिक संशोधनात आले. एचपीव्ही लशीच्या तीन मात्रांऐवजी दोन पुरतील का, हे बघण्यासाठी सप्टेंबर २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर अभ्यास सुरू झाला. बार्शी, मुंबई आणि पुणे ही त्यातली महाराष्ट्रातली केंद्रे होती. १० ते १८ वर्षांच्या मुली त्यात घेतल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये, दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे, सरकारने देशातले असे सर्व लसीकरण थांबवले. तोवर सुमारे १७,७०० मुलींना लस मिळाली होती, पण त्यांतल्या जवळजवळ पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली होती.

संशोधकांनी हात झटकले नाहीत. त्यांनी या मुलींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेला निष्कर्ष असा, की कर्करोगाला सर्वाधिक कारणीभूत असलेल्या दोन प्रकारच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, दोन-तीन मात्रांइतकेच. इतर देशांतल्या अभ्यासांबरोबर याचाही आधार घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एक मात्राही चालेल, असे सांगितले. एक मात्रा म्हणजे निम्मा खर्च आणि निम्म्या खेपा. गरीब देशांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

बोरी अरबपर्यंत काय पोहोचले?

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या उद्दिष्टात मुलींचे लसीकरण आहे, आणि वयाच्या ३५व्या व पुन्हा ४५व्या वर्षापर्यंत सत्तर टक्के स्त्रियांची चांगल्या दर्जाची तपासणीही आहे. प्रत्यक्षात काय आहे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत.

सोय अगदीच नाही, असे नाही. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे सरकारी धोरण २०१६ पासून आहे. आशाताई घरी येऊन तिशीपुढच्या माणसांचा ‘सीबॅक’ अर्ज भरतात, तो याच कामासाठी. विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन मोठे असल्याने तोंडाची तपासणी तर पुरुषांनीही टाळू नये. पुढच्या उपचारांसाठी यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. मात्र अर्ज भरणे आणि प्रत्यक्ष तपासणी होणे यांत मोठे अंतर राहते. बार्शीत ते अंतर कमी झाले, कारण तपासणी करणारी माणसे स्वतः गावात जात होती.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने आशाताईला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा विचारावे, ‘गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी होते?’ काही त्रास नसतानाच ही तपासणी करायची असते. ती काही मिनिटांत होते. एचपीव्ही चाचणीत विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. बहुतेकींचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. फक्त पुढची तपासणी चुकवायची नाही. लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी करावी. पाळी थांबल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, वास येणारे पांढरे किंवा लालसर पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

आणि वेचणी संपायचीही वाट पाहू नये.