मोडाच्या पिठाची न्याहारी

मुळशी धरणाकाठच्या माले परिसरात भातखाचरं मुबलक, पण डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पूर्वापार नाचणी, वरी पिकत आली. डबाबंद न्याहारीला मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाहून स्वस्त पर्याय मला तरी दिसत नाही.

नाचणी रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा. दीड-दोन दिवसांत तांबड्या दाण्यांतून पांढरे कोंब डोकावतात. उगवणारा दाणा अमायलेज नावाचं विकर तयार करतो. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. म्हणून हे पीठ किंचित गोड लागतं आणि पेजेचा गोळा होत नाही. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ पातळच राहून मावतं, म्हणून बाळांसाठी ते सोयीचं. शिवाय लोह अडवून धरणारं फायटिक आम्लही घटतं.

फडक्याला कुबट वास आला तर मात्र सगळं टाकून द्या. एरवी मोड खडखडीत वाळवून मंद आचेवर भाजा. करपवलंत तर विकर निकामी.

सत्त्वासाठी पीठ वस्त्रगाळ करतात, ते मला पटत नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे दुधाच्या जवळपास तिप्पट. त्यातलं बरंचसं सालीत. तेव्हा सालीसकट दळा. पीठ आधी गार पाण्यात कालवून हळूहळू तापवा, म्हणजे उकळी फुटण्याआधी विकराला कामाला वेळ मिळतो. वर गूळ घाला, नाहीतर निवल्यावर ताक-मीठ.