परवाना हाती येण्यापूर्वी

(रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक आणि बस चालवून लाखो माणसे आपला संसार चालवतात. या व्यवसायात शिरण्यासाठी कोणता परवाना घ्यावा, तो केव्हा मिळतो आणि प्रशिक्षणाच्या खर्चाची सोय कशी करावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, शाळा सुटल्यावर पाच मिनिटे रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि येणारी-जाणारी वाहने पाहा. तुम्ही भिवंडीत राहत असाल तर गोदामांपुढे रांगेने उभे असलेले ट्रक दिसतील. मालेगावात राहत असाल तर कापडाच्या गाठी भरलेले टेम्पो दिसतील. रिक्षा तर सगळीकडेच दिसतील. या प्रत्येक वाहनात एक चालक बसलेला असतो. कदाचित तो तुमच्याच घरचा असेल. तुमचे अब्बा, चाचा किंवा भाईजान असतील. उद्या तुमच्यापैकीही काही जण या व्यवसायात जातील.

वाहन चालवायला परवाना लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'परवाना' हा शब्द तुम्हाला उर्दूतूनही परिचित आहे. पण परवाना एकाच प्रकारचा नसतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मोटारसायकलचा परवाना खिशात ठेवून कोणी ट्रक चालवू लागला, तर कायद्याच्या दृष्टीने त्याच्याजवळ परवाना नाहीच. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मग नुकसानभरपाईचा बोजा चालकावर आणि मालकावर पडू शकतो. एका चुकीने सारे घर कर्जात बुडू शकते.

म्हणून आधी प्रकार समजून घेऊ. आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. या कायद्यात मोटारसायकल, हलके मोटार वाहन आणि परिवहन वाहन असे परवान्याचे मुख्य प्रकार आहेत. भाडे घेऊन प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनाला परिवहन वाहन म्हणतात. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक, बस ही सगळी परिवहन वाहने होत.

वाहनाचे वजन हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. भरलेल्या मालासकट ज्याचे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असते, ते हलके वाहन. १२,००० किलोंपेक्षा जास्त वजनाचे मालवाहू वाहन जड समजले जाते. त्यालाच लोक 'हेवी' म्हणतात. ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते का, याविषयी पूर्वी बराच वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली 'चालवता येते' असा निर्णय दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निर्णय कायम केला. त्यामुळे लहान टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या चालकांना मोठा दिलासा मिळाला.

मात्र महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीसारख्या वाहनातून प्रवासी नेणाऱ्या चालकाला परवान्याबरोबर बॅजही लागतो. जुने लोक त्याला बिल्ला म्हणतात. बॅज देण्यापूर्वी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. हे योग्यच आहे. अनोळखी माणसे, लहान मुले, रात्री-अपरात्री निघालेले आजारी लोक त्या चालकावर विश्वास ठेवून वाहनात बसतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. परवाना चालकाचा असतो आणि परमिट वाहनाचे असते. रिक्षा चालवण्याचा परवाना मिळाला, म्हणजे रिक्षाचे परमिट मिळाले असे नव्हे.

मग कोणता परवाना घ्यावा? याचे उत्तर तुम्हाला कोणते काम करायचे आहे, त्यावर अवलंबून आहे. रोज संध्याकाळी घरी परतायचे असेल, तर गावातली रिक्षा, टॅक्सी किंवा लहान टेम्पो बरा. लांबचा प्रवास आणि अनेक दिवस घराबाहेर राहणे जमत असेल, तर ट्रकचा विचार करता येतो. एस. टी. महामंडळात चालक व्हायचे असेल, तर जड वाहनाचा परवाना व बॅज हवा. मुलींनीही हा पाठ आपल्यासाठी नाही असे समजू नये. २०२३ सालापासून एस. टी. च्या बस महिला चालकही चालवू लागल्या आहेत.

पेट्रोल, गॅस, आम्ल अशा धोकादायक पदार्थांचा टँकर चालवायचा असेल, तर आणखी एक अट आहे. त्या चालकाला विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते. शिवाय त्याला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. आठव्या अनुसूचीत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा आहेत. ही अट का घातली असेल? गळती झाली किंवा आग लागली, तर काय करावे याच्या लेखी सूचना चालकाजवळ असतात. त्या वेळी वाचता आले नाही, तर अनेकांचे प्राण जातील. २०१९ सालापर्यंत परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. ती अट आता काढून टाकली आहे. पण अट गेली म्हणून वाचनाची गरज संपली नाही.

आता वयाचा हिशेब करू. १६ व्या वर्षी फक्त ५० सी.सी. पर्यंतची, गियर नसलेली दुचाकी चालवण्याची परवानगी मिळू शकते. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या वाहनाचा परवाना काढता येतो. परिवहन वाहन चालवायला २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना घेऊन किमान एक वर्ष झालेले असावे लागते. म्हणजे आज तुम्ही १५ वर्षांचे असाल, तर तुमच्या हातात पाच वर्षे आहेत.

"इतकी वर्षे कोण थांबणार? चाचांचा टेम्पो रात्री रिकामाच असतो," असे एखादा म्हणेल. त्याने कायदा नीट वाचावा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. विचार करा, पाच वर्षे थांबण्याचा कंटाळा केला, तर दहा वर्षे थांबावे लागते!

योग्य वय झाले की प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज करायचा. लोक त्याला 'आर.टी.ओ.' म्हणतात. आता हा अर्ज संगणकावरूनही भरता येतो. प्रथम शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने असते. त्यानंतर निदान तीस दिवस झाल्याशिवाय वाहन चालवण्याची चाचणी देता येत नाही. परिवहन वाहनासाठी नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. डॉक्टर दृष्टी आणि श्रवणशक्ती तपासतात. लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो की नाही, हेही पाहतात. पैसे भरण्यापूर्वीच डोळे तपासून घेणे शहाणपणाचे. नंतर दोष निघाला, तर फी वाया जाते.

परिवहन वाहनासाठी मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नियमाप्रमाणे हे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे असते. त्यात निदान पंधरा तास प्रत्यक्ष वाहन चालवायला मिळाले पाहिजे. २०२१ साली केंद्र सरकारने अधिमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रात जड वाहनाचे शिक्षण सहा आठवड्यांत ३८ तासांचे असते. आता कोणी दलाल तुम्हाला म्हणाला, "शिकायची गरज नाही. पैसे द्या, आठ दिवसांत हेवी लायसन हातात देतो," तर त्याच्यापासून दूर राहा. तो कागद देईल, पण घाटात उतारावर भरलेला ट्रक कसा आवरायचा, हे तो कागद सांगणार नाही.

प्रशिक्षण म्हटले की खर्च आला. स्कूलची फी, डॉक्टरांची फी, सरकारी शुल्क आणि शिकण्याच्या दिवसांत बुडणारी मजुरी, हे सगळे एका वहीत लिहून काढा. एकूण रक्कम समजल्याशिवाय कोणाकडेही पैसे मागायला जाऊ नका.

पहिला शोध मोफत प्रशिक्षणाचा घ्यावा. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षणार्थीकडून फी घेतली जात नाही. व्यावसायिक वाहनचालक हाही कौशल्य प्रशिक्षणातला एक मान्य अभ्यासक्रम आहे. आपल्या जिल्ह्यात असा वर्ग चालतो का, याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी. चौकशीला पैसे पडत नाहीत.

दुसरा मार्ग महामंडळांचा. अल्पसंख्याक समाजासाठी केंद्र सरकारने १९९४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ स्थापन केले. महाराष्ट्रात २००० सालापासून मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. अशी महामंडळे शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी कमी व्याजाने कर्ज देतात. इतर समाजांसाठीही वेगवेगळी महामंडळे आहेत. योजनांच्या रकमा आणि अटी बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न राहता कार्यालयात जाऊन चालू वर्षाचे माहितीपत्रक वाचावे.

तिसरा मार्ग बँकेचा. २०१५ च्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्याला तारण द्यावे लागत नाही. पण हे कर्ज व्यवसायासाठी आहे. रिक्षा किंवा लहान टेम्पो घ्यायला ते उपयोगी पडते. म्हणून आधी प्रशिक्षण, मग परवाना, मग थोडा अनुभव आणि शेवटी वाहनाचे कर्ज हा क्रम मोडू नये. परवाना नसताना वाहन घेतले, तर वाहन दारात उभे राहते आणि हप्ते मात्र चालू राहतात.

सावकाराचे पैसे लवकर मिळतात, पण त्यांचा हिशेब करून पाहा. समजा, २०,००० रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतले. दर महिन्याला ६०० रुपये व्याज झाले. वर्षाला ७,२०० रुपये! तेच पैसे वार्षिक शेकडा सहा दराने मिळाले, तर वर्षाचे व्याज १,२०० रुपये होते. 'शेकडा' दोन्हीकडे आहे. फरक 'दरमहा' आणि 'वार्षिक' या दोन शब्दांचा आहे. आणि हो, महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारालाही परवाना लागतो!

कर्जाच्या अर्जातील शब्द नीट समजून घ्या. काही शब्द उर्दूसारखे दिसतात, पण मराठीत त्यांचा अर्थ निराळा होतो. उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत कर्जाचा 'हप्ता' म्हणजे ठरलेल्या मुदतीत फेडायचा भाग. तुम्ही ज्याला 'किस्त' म्हणता, तोच. उर्दूत 'दाखला' म्हणजे शाळेतील प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. 'उत्पन्नाचा दाखला आणा' असे कारकुनाने सांगितले, तर तो तहसील कार्यालयाकडून मिळणारे कमाईचे प्रमाणपत्र मागत आहे. 'जामीन' हा शब्द मात्र तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही कर्ज फेडले नाही, तर जामीन राहिलेल्या माणसाला ते फेडावे लागते. म्हणून जामीन राहणाऱ्याचे उपकार विसरू नयेत आणि न वाचता कोणाला जामीनही राहू नये.

कागदपत्रांविषयी एक काम तुम्ही आजच करू शकता. शाळेच्या नोंदवहीतले, आधार कार्डावरचे आणि रेशन कार्डावरचे आपले नाव एकमेकांशी ताडून पाहा. एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसऱ्या ठिकाणी 'मोहंमद' आणि तिसऱ्या ठिकाणी 'मुहम्मद' असे लिहिलेले असते. घरात कोणाला त्यात चूक वाटत नाही. पण कार्यालयात ती तीन वेगळी माणसे होतात आणि अर्ज परत येतो. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत असतानाच ही दुरुस्ती करून घेणे सोपे असते.

परवाना मिळाला म्हणजे सारे संपले असे नाही. परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत पाच वर्षे असते. धोकादायक माल वाहून नेण्याची परवानगी तीनच वर्षांची असते. कार्डावर दोन तारखा छापलेल्या असतात. एक खाजगी वाहनांसाठी आणि दुसरी परिवहन वाहनांसाठी. पुष्कळ चालक लांबची तारीख पाहून निश्चिंत राहतात. जवळची तारीख केव्हा उलटली, हे त्यांना कळतही नाही. मुदत संपून एक वर्ष गेले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मधल्या काळात अपघात झाला, तर काय होईल, हे तुम्ही पाठाच्या सुरुवातीला वाचलेच आहे.

म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी चालक असेल, तर त्यांना सलाम करून त्यांचा परवाना पाहायला मागा. त्यावरच्या दोन्ही तारखा मोठ्याने वाचून दाखवा. मुदत जवळ आली असेल, तर अर्ज भरायला त्यांना मदत करा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) परिवहन वाहन कशाला म्हणतात?
(आ) शिकाऊ परवान्याची मुदत किती असते?
(इ) परवाना आणि परमिट यांत काय फरक आहे?

२. कारणे लिहा.
(अ) धोकादायक पदार्थांचा टँकर चालवणाऱ्याला लिहिता-वाचता आले पाहिजे.
(आ) परवाना मिळण्यापूर्वी वाहनासाठी कर्ज काढू नये.

३. 'हप्ता' आणि 'दाखला' यांप्रमाणे उर्दू व मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

४. १०,००० रुपयांवर दरमहा शेकडा दोन आणि वार्षिक शेकडा आठ या दोन्ही दरांनी एका वर्षाचे व्याज काढा. कोणते कर्ज घ्यावे, ते दोन वाक्यांत लिहा.