शेजपाळी आणि शिष्यवृत्ती

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्या गावांच्या चार-पाच पिढ्या उसाची शेती करीत आल्या, त्या बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावात वाट पाहणे ही कोणाला नवलाची किंवा शोकाची गोष्ट वाटत नाही; ते शेतीच्या अनेक कामांपैकी एक काम मानले जाते. आडसाली ऊस लावला की सोळा-अठरा महिने तो वाढण्याची वाट पाहायची, वाढला की कारखान्याच्या तोडणीच्या कार्यक्रमात आपला नंबर लागण्याची, नंबर लागला की टोळी येण्याची, टोळी आली की गाडी येण्याची, आणि एकदाचा ऊस काट्यावर गेला की पहिल्या हप्त्याची. पाण्याचेही तसेच. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरून द्यायचा, मंजुरी मिळवायची आणि शेजपाळीत, म्हणजे पाणी देण्याच्या ठरलेल्या क्रमात, आपली पाळी कोणत्या वाराला, किती वाजता लागते ते पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडून समजून घेऊन, ती रात्री दोनची असली तरी कुरकुर न करता, विजेरी घेऊन दारे धरायला बांधावर हजर राहायचे.

गेल्या भाद्रपदात पावसाने ओढ दिली होती आणि कालव्याला आवर्तन सुटले होते, त्या दिवसांत मी सांगवीला होतो. माझी भाची पुण्यात पदव्युत्तर शिक्षण पुरे करून घरी आलेली. इंग्लंडमधील एका विद्यापीठाने तिला प्रवेश दिला होता, आणि तेथील शुल्काचा आकडा आमच्या घराने सातबारा सोडून कोणत्याही कागदावर कधी पाहिलेला नसल्यामुळे तिने एका शिष्यवृत्तीसाठी आषाढातच अर्ज दाखल केला होता. रात्री पाळीला ती माझ्याबरोबर येई. एका हाताने खोऱ्याने सरीचे तोंड मोडायचे आणि दुसऱ्या हातातला मोबाइल, ज्याला त्या शेतात फक्त विहिरीच्या कठड्यावर चढल्यावरच रेंज मिळे, तो दर अर्ध्या तासाने उघडून पाहायचा, असा तिचा क्रम चालला होता. नको असलेल्या जाहिरातींची टपाले ज्या कप्प्यात आपोआप जाऊन पडतात तो कप्पाही ती धुंडाळी.

“आलं का गं काही?” मी विचारी.

“नाही, मामा.”

माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, या प्रकरणातले एवढेच समजले होते की अर्ज दिलेला आहे आणि पाळी लागायची आहे. एके दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिने सहज विचारले, “अगं, पण तुमचा पाटकरी कोण? त्याला जाऊन विचार की.”

आम्ही दोघेही हसलो. नंतर मात्र मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटेना. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीला पाटकरी नसतो, ही त्या प्रतीक्षेची खरी व्यथा आहे.

या शिष्यवृत्त्यांचा कारभार चालतो तरी कसा, हे वाचकांना ठाऊक असतेच असे नाही. त्यांतली सर्वांत नावाजलेली फुलब्राइट. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकेचे लष्करी सामान विकून येणारा पैसा विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या देवघेवीसाठी खर्चावा, ही आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांची कल्पना १९४६ साली कायद्यात उतरली. भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला आणि त्यावर पंडित नेहरू व अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सह्या झाल्या. या योजनेखाली आपले लोक तेथे शिकायला जातात, तसेच आपली भाषा तेथील विद्यापीठांतून शिकवायलाही जातात. पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करणाऱ्याला उन्हाळ्याच्या आरंभी कागद भरावे लागतात ते त्या वर्षासाठी नव्हे, पुढच्या वर्षाच्या ऑगस्टमधील प्रयाणासाठी. उद्देशाचे निवेदन, तीन शिफारसपत्रे, छाननी, मुलाखत, मग शिफारस आणि शेवटी अमेरिकेतील मंडळाची संमती, असा हा पंधरा महिन्यांचा प्रवास म्हणजे आडसाली उसाचेच पीक. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे वेळापत्रक थोडे आटोपशीर: शरदात अर्ज, वसंताच्या सुमारास मुलाखती, जूनच्या आसपास निकाल, अभ्यास संपला की दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्याच्या एका खेड्यातून आलेल्या राजू केंद्रे यांना ती २०२१ साली मिळाली, तेव्हा ‘चेव्हनिंग’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतून खेड्यापाड्यांत प्रथमच पोहोचला असे म्हणायला हरकत नाही.

या दोन्ही ठिकाणी ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मधली एक तिसरी यादी असते, आणि प्रतीक्षेचे शास्त्र कोणी लिहायला घेतले तर त्याने पहिले प्रकरण या यादीवरच लिहावे. हिच्यात नाव लागलेला उमेदवार राखीव समजला जातो: निवडलेल्यांपैकी कोणी माघार घेतली किंवा पैशाची सोय वाढली, तर त्याचा विचार होईल. म्हणजे जो अनोळखी मनुष्य आपल्याआधी निवडला गेला, त्याला दुसरीकडून काही चांगले मिळावे अशी मनोमन प्रार्थना करीत बसायचे. वरच्या शेतकऱ्याने या पाळीला पाणी नको म्हणावे अशी आशा करणारा खालचा शेतकरी मी पाहिलेला आहे; परंतु त्याला निदान वरच्याचे नाव आणि त्याच्या विहिरीचे पाणी किती आहे हे ठाऊक असते.

आता आपल्या राज्याकडे वळू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३ सालापासून चालू आहे; दर वर्षी ७५ जागा, आणि अट अशी की प्रवेश जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलेल्या विद्यापीठात मिळालेला असावा. मराठा व कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी ही संस्था महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने अशीच ७५ जागांची योजना चालवते. आदिवासी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठीही अशा योजना आहेत. योजनेचा हेतू उदात्त आहे, रक्कमही तुटपुंजी नाही. अडचण आहे ती पंचांगाची. पाश्चात्य विद्यापीठे सप्टेंबरमध्ये उघडतात, आणि आपल्या दप्तरातली जाहिरात, छाननी, त्रुटिपूर्तता, निवड समिती, मंत्रालयाची मंजुरी आणि शासन निर्णय ही माळ ओवून होईपर्यंत कित्येकदा तोच महिना उजाडलेला असतो.

दरम्यान विद्यापीठ थांबत नाही. ते प्रवेश पक्का करण्यासाठी अनामत मागते, आणि ती भरल्याखेरीज व्हिसाला लागणारे पत्र पुष्कळ ठिकाणी देत नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि निर्वाहाचा खर्च भागेल इतकी रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र हाती असेल तर मात्र ती रक्कम दाखवण्याची गरज राहत नाही, ते पत्रच पैशाच्या ठिकाणी चालते. म्हणजे एका कागदाच्या येण्यावर पुढचे चार कागद अवलंबून, आणि तो पहिला कागद कोणत्या दिवशी निघेल याची तारीख कोणीच सांगत नाही. ज्याच्या बापाला २८ दिवसांपुरते का होईना कोणी भावकीतले किंवा बँक पैसे देऊ शकते, तो विद्यार्थी अनामत भरतो, व्हिसा काढतो, विमानात बसतो आणि निकाल तिकडे गेल्यावर ऐकतो. ज्याच्यापाशी तेवढे नाही, तो निवड होऊनही पुष्कळदा त्या वर्षाला मुकतो. गरिबांसाठी म्हणून काढलेल्या योजनेत विलंबाची चाळणी लागली की तिच्यातून गळून खाली पडतो तो त्यांतला सर्वांत गरीब, आणि ही गाळणी कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नसल्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागायची तरी कोणत्या खिडकीवर, हा प्रश्न उरतो.

कालव्याची रीत याहून शहाणी आहे, हे मी सांगवीचा म्हणून अभिमानाने नव्हे, निरीक्षण म्हणून नमूद करतो. याच नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली ती पाणी थोडे आणि मागणारे फार म्हणून. (हे विश्वेश्वरय्या स्वतः म्हैसूर संस्थानच्या मदतीवर पुण्याला येऊन स्थापत्यशास्त्र शिकले होते, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.) आणि शेजपाळीचा मूळ नियम असा की चारीवर पाणी द्यायला सुरुवात करायची ती टेलपासून, शेवटच्या शेतापासून, आणि मग एकेक करीत वर यायचे. प्रत्यक्षात टेलच्या शेतकऱ्याचे काय हाल होतात ते कालव्याच्या शेवटाला असलेली इंदापूरकडची मंडळी अधिक चांगले सांगतील. पण निदान कागदावर तरी कोणीतरी ओळखले होते की वाट पाहण्याची ताकद सर्वांची सारखी नसते.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची हकीगत या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. भीमराव आंबेडकर यांचे वडील रामजी सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. बडोद्याच्या नोकरीत मुलगा नुकता कुठे रुजू झाला होता. पुढे सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात धाडणार असे कळल्यावर भीमरावांनी अर्ज केला, महाराजांची भेट घेतली, आणि ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सही झाली: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा. जुलै संपण्यापूर्वी ते न्यूयॉर्कला पोहोचलेले होते. आजच्या अर्जदाराला हा वेग अद्भुत वाटेल. राजाची मर्जी हा समितीला पर्याय आहे असे मात्र मला यातून सुचवायचे नाही. ज्यांचा अर्ज महाराजांच्या नजरेपर्यंत पोहोचलाच नाही अशांची यादी कोणत्याही चरित्रात छापली जात नाही.

आणि भीमरावांच्याही वाट्याला प्रतीक्षा आलीच, फक्त ती उलट्या टोकाला आली. १९१६ साली ते लंडनला गेले, अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास एकदमच सुरू केला, आणि तो अर्धा असताना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडन विद्यापीठाने इतकी सवलत दिली की १९१७ च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत परतलात तर अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे चार वर्षांची मुदत डोक्यावर, आणि खिसा रिकामा. बडोद्याला परतल्यावर अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळाले नाही, ती नोकरी सुटली. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तिच्यातून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या तीन ओहोळांचे पाणी एकत्र करून ते १९२० मध्ये, म्हणजे मुदत टळण्यास सवा वर्ष उरलेले असताना, लंडनला परतले. त्या तीन वर्षांची वाट त्यांनी हात जोडून पाहिली नाही, हे खरे. पण दरमहा पगारातून किती उरले आणि किती महिने उरले, ही दुहेरी वजाबाकी त्यांनी कितीदा मांडली असेल याचा विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो.

अलीकडे तर निवड झाली म्हणजे प्रतीक्षा संपली, असेही म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी २०२५ साली १०६ उमेदवार निवडले गेले, परंतु आरंभी पत्रे मिळाली ती चाळिसांनाच. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असे कळवण्यात आले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने २७ मेपासून विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती तीन आठवडे स्थगित ठेवल्या, आणि जूनमध्ये फुलब्राइटच्या नियामक मंडळातील बहुतेक सर्व सदस्यांनी, आम्ही निवडलेल्या पुष्कळ उमेदवारांना प्रशासनाने परस्पर नाकारले असे सांगून, राजीनामे दिले. कालव्याला पाणी सुटले, चारीत आले, आणि शेताच्या तोंडाशी कोणी दगड टाकला, अशातला हा प्रकार.

घरच्यांची स्थिती याहून विचित्र असते. मुलीने नोकरी धरावी तर निकाल आल्यावर ती सोडावी लागेल. धरू नये तर गावात पाचजण विचारणार. स्थळ आले तर “थांबा” म्हणावे, पण कशासाठी थांबा हे सांगावे तर उद्या नाव नसले म्हणजे हसे. म्हणून बहुतेक घरांत ही बातमी लपवून ठेवतात. आमच्याकडे पासपोर्ट लोखंडी पेटीत, कारखान्याच्या भागपत्राखाली ठेवलेला होता, आणि त्याविषयी शेजाऱ्यांना ठाऊक असू नये अशी आईची सक्त ताकीद होती. तिचा रोख दृष्ट लागण्यावर होता, माझ्या बहिणीचा नाचक्कीवर.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा आला. वर्ग सुरू व्हायला पाच दिवस उरले होते. त्या दुपारी भाचीने विहिरीच्या कठड्यावर बसून विद्यापीठाला पत्र लिहिले, की माझ्या शिष्यवृत्तीचा निकाल लागलेला नाही, तरी माझा प्रवेश पुढील वर्षापर्यंत राखून ठेवता येईल काय. रात्री नऊच्या सुमारास आम्ही पाळीवर निघालो तोच उत्तर आले: येईल, काळजी करू नये. सात समुद्रांपलीकडच्या त्या अनोळखी कारकुनाला उत्तर द्यायला सहा तास लागले होते.

तिने ते मला वाचून दाखवले, मोबाइल पदराच्या ओच्यात बांधला आणि सरीत उतरली. बराच वेळ काही बोलली नाही. मग पलीकडच्या बांधावरून तिने हाक दिली, “मामा, उत्पन्नाचा दाखला एकतीस मार्चपर्यंतच चालतो ना?”

“हो.”

“मग नवा एप्रिलमध्येच काढून ठेवायला पाहिजे. सेतूत गर्दी व्हायच्या आत.”

पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचायला पहाटेचे चार वाजले.