पिकअप गाडीचा क्लच घसरतो तेव्हा

जाधववाडीच्या बाजारात आले विकून, खतांच्या गोण्या भरून पिकअप गाडी खुलताबादकडे परतते. दौलताबादचा घाट चढण्यासाठी ती थांबून पुन्हा निघताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. चढावर क्लचने पकड सोडली, तर भरलेली गाडी मागे येऊ शकते. म्हणून हा दोष वेळीच ओळखावा.

प्रथम चाके पाहावीत. ओल्या काळ्या जमिनीत ती जागच्या जागी फिरत असतील, तर दोष यंत्रात नाही. चाके फिरत नसून इंजिनच वेगाने फिरत असेल, तर क्लच घसरतो असे समजावे.

खात्रीसाठी गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक व पायाचा ब्रेक लावावा. गाडीसमोर कोणी उभे राहू नये. इंजिन मंद चालू ठेवून वरचा गिअर टाकावा व क्लचचे पेडल हळूहळू सोडावे. इंजिन बंद पडले, तर क्लच ठीक आहे; चालूच राहिले, तर तो पकड घेत नाही. ही परीक्षा एकदाच करावी. घर्षणाने प्लेट तापते.

तारेच्या क्लचमध्ये पेडलची मोकळी चाल आधी तपासावी. ती जुळवण्यास खर्च अल्प येतो. झिजलेली वा तेलकट प्लेट मात्र बदलावी लागते. तेलाची गळती न थांबविता नवी प्लेट बसविणे व्यर्थ होय. जादा भार व पेडलवर पाय टेकवून ठेवण्याची सवय कटाक्षाने टाळावी.